गोगलगायींच्या जिवावर नोकरी

आमच्या लग्नात सासरच्यांनी हुंडा घेतला नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगितलं जातं. "आम्हाला फक्त मुलगी द्या," असं सासरे बैठकीत म्हणाले होते. मुलीबरोबर गोगलगायीही येतील, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कल्याणहून भिवंडीला माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून मावशी आली. तिच्या मांडीवर लोणच्याची रिकामी बरणी, बरणीत पाणी आणि पाण्यात माझ्या चार पिवळ्या गोगलगायी. मावशी रस्ताभर तोंडाला पदर लावून बसली होती. लोकांना वाटलं, भाची सासरी चालली म्हणून डोळे भरून आलेत. तिला खरं म्हणजे शिसारी येत होती.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माहेरी मी वडिलांकडे कुत्रा मागितला होता. ते म्हणाले, न भुंकणारं, न चावणारं आणि केस न गाळणारं काही मिळालं तर आण. मी माशांच्या दुकानात गेले, दोन मासे आणि या गोगलगायी घेऊन आले. मासे महिन्याभरात गेले. गोगलगायी टिकल्या, वाढल्या, आणि माझ्या लग्नालाही हजर राहिल्या.

सासरी पहिल्याच संध्याकाळी त्यांची सुनावणी झाली. सुनावणीच म्हणायला हवं. माझे सासरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांच्यातली कचेरी काही निवृत्त झाली नव्हती. कामतघरच्या आमच्या छोट्या घरात रोज संध्याकाळचा चहा झाला की ते वेताच्या खुर्चीत बसत आणि घरातली प्रकरणं एकेक करून पुढे येत. दूधवाला पाणी घालतो. शेजारच्या लूमवाल्याचा कचरा आपल्या दारात येतो. गॅस वेळेआधी का संपला? सगळ्यावर त्यांचे दोनच निकाल ठरलेले, एक 'तूर्तास' आणि दुसरा 'यथावकाश'.

"यांचा उपयोग काय?" बरणीत डोकावत त्यांनी विचारलं.

"शेवाळ खातात, बाबा. काच स्वच्छ ठेवतात."

"म्हणजे घरकाम करतात." ते जरा विचारात पडले. "राहू द्या तूर्तास."

मलाही साधारण याच बोलीवर घरात घेतलेलं होतं, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

सासूबाईंची शंका वेगळी होती. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "मांसमच्छी खातात का गं?"

"नाही आई. पालक खातात, काकडी, दुधीची सालं."

"मग आपल्यातल्याच म्हणायच्या," त्या म्हणाल्या आणि निश्चिंत झाल्या.

माझ्या नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. ते बँकेत कारकून होते आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर मत द्यायची वेळ आली की पेपरचं पान उलटायचे. पेपरला पानं कमी पडायची.

माहेरून माझी काचेची टाकी मागाहून आली आणि खिडकीशेजारच्या फळीवर बसली. आमच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. दिवसभर खटखट खटखट चालायची आणि टाकीतलं पाणी सतत बारीक थरथरायचं. गोगलगायींना त्याचं काहीच वाटत नसे. शुक्रवारी लूम बंद असले की पाणी शांत व्हायचं आणि तेव्हाच त्या बिचकून शंखात शिरायच्या. भिवंडीत सगळ्यांचंच तसं होतं. नवं माणूस आवाजानं झोपत नाही, जुनं माणूस शांततेनं.

त्यांची देखभाल म्हणाल तर फार नव्हती, पण जी होती ती चुकवून चालायचं नाही. पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून मऊ करायची, थंड करायची, मग टाकायची. काकडीची चकती तरंगते म्हणून तिला खडा बांधायचा. सकाळी उरलंसुरलं काढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं. कारखान्यातली कापसाची रुई उडून पाण्यावर साय धरायची, ती मी जुन्या चहाच्या गाळणीनं काढायची. आणि शंख भक्कम राहायला त्यांना चुना लागतो. तो सगळ्यात चांगला मिळतो अंड्याच्या टरफलातून.

आता आमच्या घरात अंडं आणणं म्हणजे कल्पनाच नको. माझी सोय केली शेजारच्या सिस्टरनी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, घर बौद्धांचं, दोन मुलं शाळेत, नवरा एसटीत. मोठ्या हजरजबाबी बाई. त्यांच्या घरी अंडी व्हायचीच. त्या टरफलं उकळून, वाळवून, कुटून इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यातून मला आणून द्यायच्या.

"हे काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"औषध हाय," सिस्टर म्हणाल्या.

सासूबाईंनी तो खोका हात जोडून घेतला आणि देवाच्या फडताळात ठेवला. सिस्टरच्या हातचं इंजेक्शन त्यांना चालायचं, औषध चालायचं, चहा मात्र "आत्ताच झाला" असायचा. सिस्टरना हे सगळं कळत होतं. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या देवांजवळ अंडं नेऊन ठेवलं बघा मी. एवढं पुण्य माझ्या खानदानात कुणाला मिळालं न्हाय."

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग मला नोकरी मिळाली.

भिवंडीतल्याच एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा. डी.एड. मी लग्नाआधीच केलं होतं आणि ते प्रमाणपत्र साड्यांच्या घडीत पडून होतं. मला ती नोकरी हवी होती. का हवी होती ते सरळ सांगते. त्या घरात माझ्यावर कुणी ओरडत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला कुणी काही विचारतही नव्हतं. भाजी कोणती करायची तेसुद्धा सासूबाईंना ठाऊक असायचं. मी त्या घरात कशासाठी होते हे मला कळेनासं झालं होतं, आणि पोरबाळ झालं नव्हतं म्हणून बाकीच्यांनाही कळेनासं झालं होतं.

प्रकरण संध्याकाळी सुनावणीला आलं. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, तूर्तास जा. मात्र एक अट. या घरात तुझ्यावर अवलंबून असलेल्या कुणाचीही आबाळ झाली, तर नोकरी त्या दिवशी बंद. मग हरकत चालणार नाही."

मी हो म्हटलं. अट सोपी वाटली. पण अडचण पुढे आली. माझ्यावर अवलंबून होतं कोण? सासरे म्हणाले, मी कुणावर अवलंबून नाही, मी अव्वल कारकून होतो. सासूबाईंच्या हातून स्वयंपाकघर काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती. नवऱ्याचा डबाही त्याच भरायच्या. शोध शोध शोधून माझ्यावर अवलंबून असलेले जीव सापडले ते फळीवरचे.

"मग त्यांच्यावरून ठरवू," सासरे म्हणाले.

मला हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन टाकीची पाहणी सुरू केली, तेव्हा माझं हसू मावळलं. कचेरीत असताना तलाठ्यांची दप्तरं तपासायची सवय. तीच सवय घेऊन ते काचेला नाक लावून बसायचे. "ही डावीकडची आज मंद आहे." अहो, गोगलगाय मंद नसेल तर काय धावेल? पण तसं बोलायची सोय नव्हती. "ही जेवलेली दिसत नाही." मी काकडीची कुरतडलेली कड दाखवायची. "हं," म्हणून ते पुढच्या गोगलगायीकडे वळायचे. एकेका बाईची नोकरी कशाकशावर टांगलेली असते हो. साहेबाच्या मर्जीवर असते, मुलांच्या परीक्षेवर असते. माझी गोगलगायींच्या भुकेवर होती.

शाळेत मात्र मी सुखात होते. पहिलीच्या वर्गात पन्नासेक पोरं, अर्धी घरून हिंदी बोलत यायची, "बाई, ये देखो, ह्यानं मेरा पेन्सिल घेतला." सगळी मलाच विचारायची. पाणी पिऊ का, लघवीला जाऊ का, याला मारू का. इतकं विचारलेलं मला जन्मात कुणी नव्हतं. आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा समोर यायचा. तो गोड मिट्ट असायचा, तरी मी कप धुऊन पुन्हा मागायची.

मग एका सकाळी टाकीच्या झाकणाखाली, पाण्याच्या वर, गुलाबी दाण्यांचा एक झुबका चिकटलेला दिसला. डाळिंबाचे दाणे असावेत तसा. सासूबाई पूजेची फुलं घेऊन जाता जाता थबकल्या.

"हे काय गं?"

"अंडी आहेत, आई. गोगलगायीनं घातलीयेत."

अंडी म्हटल्यावर त्या किंचाळतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी पदर सावरला, जवळ आल्या, बघत राहिल्या. "म्हणजे बाळंत झाली म्हण की," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे एकदा बघितलं. मी ते बघणं समजले. लग्नाला दोन वर्षं झालेली, सून अजून तशीच, आणि गोगलगायीनं नंबर लावला.

त्यानंतर आमच्या घरात बाळंतीण आली. कोणत्या गोगलगायीनं अंडी घातली ते कुणीच पाहिलं नव्हतं, पण सासूबाईंनी सगळ्यात जाड होती तिला बाळंतीण ठरवलं. तिच्यासाठी बाजारातून शेपू आला, बाळंतिणीला शेपू चांगला म्हणून. सासरे म्हणाले, "वास येतो." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या चारही मुलांच्या वेळी आला होता, तेव्हा नाही म्हणालात." मी अळीव आणि डिंक कसेबसे थोपवले. दुपारी मी शाळेत असायची, तेव्हा त्या टाकीसमोर पाट मांडून बसायच्या आणि तिच्याशी बोलायच्या. हे मला सिस्टरनी सांगितलं. मला खरं तर बरं वाटलं. त्या बाई माझ्याशी इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

आणि मग गोगलगायींचं काहीतरी बिनसलं.

पहिल्यांदा एक काचेवरून सुटून खाली पडली आणि शंखाचं झाकण लावून घेऊन बसली. मला वाटलं आराम करतेय. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पालक तसाच राहिला. शेपूही तसाच. मी पाणी बदललं, गाळ काढला, टरफलाची पूड वाढवली. सकाळी बरं वाटायचं, संध्याकाळी शाळेतून यावं तर पुन्हा तेच. बाळंतीण म्हणून मिरवत होती ती अर्धी शंखाबाहेर लोंबत होती, बोट लावलं तरी आत जाईना. आठवड्याभरात ती मेली. गोगलगाय मेली की तिचा वास असा काही येतो की कुणाला सांगावं लागत नाही. बॅटरी न लावताच सासऱ्यांना कळलं.

"आबाळ," ते एवढंच म्हणाले.

एक मेली म्हणजे नोकरी गेली हे मला कुणी सांगायला नको होतं. पण त्यांनी 'यथावकाश' निकाल देतो म्हटलं. शनिवारी संध्याकाळी.

शनिवारी सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत मी आमच्या संस्थेच्या हायस्कूलमधल्या जीवशास्त्राच्या बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"टाकीत तांबं गेलंय का? तार, नाणं, काहीही?"

"तांबं? नाही हो."

"बघ पुन्हा. गोगलगायींना तांबं म्हणजे विष. शेतात त्या झाल्या की मोरचूद मारतात, तेही तांबंच. मासा एखाद् वेळी सोसेल, या नाही सोसत."

मी डोकं खाजवत घरी आले. लवकर सुटले होते. दार उघडंच होतं. आणि आत सासूबाई टाकीसमोर पाटावर बसलेल्या, एका हातानं वाटीनं टाकीतलं पाणी उपसून बादलीत टाकत होत्या आणि दुसऱ्या हाताशी तांब्याचा हंडा होता.

तो हंडा म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात मानाचं भांडं. नळाला पाणी आलं की पहिल्यांदा तो भरायचा, रात्रभर पाणी त्यात मुरू द्यायचं, सकाळी ते सासऱ्यांनी आणि नवऱ्यानं प्यायचं. पाहुणे आले तर पाहुण्यांनी. सासूबाई तो रोज चिंचेनं घासायच्या, इतका की आत तोंड दिसावं. आम्ही दोघी पिंपातलं प्यायचो. असा कुणी नियम केला नव्हता. तसंच चालत आलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी नोकरी, माझी पन्नास पोरं, माझा गोड मिट्ट चहा, सगळं या हंड्यात बुडालं होतं.

"आई, तुम्ही हे पाणी घालताय? रोज?"

"मग? बाळंतिणीला चांगलं पाणी नको? एक गेली बिचारी, बाकीच्या तरी..."

"तांब्यानं मेली ती! तांबं विष असतं त्यांना. तुम्ही मारलंत तिला. आणि संध्याकाळी बाबा माझी नोकरी बंद करणार आहेत, माझ्याकडून आबाळ झाली म्हणून."

एवढं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. हंड्यात बघितलं, टाकीत बघितलं. मला वाटलं आता रडतील, नाहीतर माझं माहेर काढतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"माझ्या पहिल्या बाळंतपणात मला ताप होता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई पाणी घोट घोट द्यायच्या, बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणून. तेही कोमट. मला समोर हा हंडा दिसायचा. हाच. घशाला नुसती कोरड. एकदा मागितलं तर म्हणाल्या, ते पुरुषांचं आहे." त्यांनी हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. "म्हटलं, हिला तरी देऊ. हिला कोण नाही म्हणणार आहे."

मी बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, पिंपातलं घातलं, उरलेल्या तिघी नव्या पाण्यात ठेवल्या. सासूबाई हंडा उचलून आत गेल्या. पलीकडे लूम चालूच होते.

संध्याकाळी चहा झाला. सासरे खुर्चीत बसले. नवऱ्यानं पेपर उघडला. सासरे घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, अट तुला मान्य होती. घरातल्या मुक्या जिवाची आबाळ झाली हे उघड आहे. तेव्हा सोमवारी शाळेत कळवून टाक. कुणाची काही हरकत?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. पान उलटलं. मी तोंड उघडलं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण तो ताप आणि ती कोरड माझ्या समोरून हलेना, आणि त्या बाईचं नाव मला घेववेना. मी चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले. सोमवारी त्या पोरांना काय सांगायचं याचा विचार करत होते.

सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"माझी आहे हरकत," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा काढला. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलेला नसावा.

"गोगलगाय माझ्या पाण्यानं मेली. तुमच्या हंड्यातल्या. ती शाळेत असताना मी घालत होते, तिला पत्ताही नव्हता."

"बरं," सासरे म्हणाले. "मग... म्हणजे... तुझ्याकडून चूक झाली."

"झाली ना. आबाळ माझ्याकडून झाली. आणि ज्याच्याकडून झाली त्याचं काम बंद, असंच ठरलंय ना?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तिची तुम्ही शाळा बंद करणार होतात. आता माझं काय बंद करता ते सांगा."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराकडे. नवऱ्याचा पेपर पहिल्यांदाच मांडीवर आला. आत कणीक भिजवायची होती, कुकर लावायचा होता, आणि सासूबाई दारातून हलल्या नाहीत. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या प्रश्नाचं उत्तर सासऱ्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.